पिंपातली चिमूट

साडू हे नातं कोणी मागून घेत नाही. बायकोला माणूस पाहून पसंत करतो, सासू तिच्यासोबत येते, मेहुणी थट्टेपुरती मिळते. साडू मात्र करारनाम्याच्या मागच्या पानावरच्या अटींसारखा असतो. सही झाल्यावर वाचायला मिळतो. तरीही सरांना आपला साडू आवडायचा. हे त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं, कारण कोणी विचारलं नव्हतं.

सर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचे. आधी मुलांनी रसायनशास्त्र सोडलं, मग कॉलेजानं तो विषयच सोडला, आणि विषयाच्या मागोमाग सरांनाही दोन भाषणं करून घरी पोचवण्यात आलं. ‘सर’ ही हाक तेवढी त्यांच्याबरोबर घरी आली. साडू फ्रीज आणि शीतगृहं दुरुस्त करायचा. त्याला सगळे मेकॅनिक म्हणत. रागात असली की त्याची बायकोसुद्धा ‘अहो मेकॅनिक’ म्हणायची. त्याच्या वर्कशॉपच्या मागे एक लांबट शेड होती. तिथे त्यानं एका फुलवाल्यासाठी दोन गार खोल्या बांधल्या होत्या. फुलवाल्याचा विचार बदलला आणि खोल्या मेकॅनिकच्या गळ्यात पडल्या. म्हणजे एका घरात रिकामा नवरा, दुसऱ्या घरात रिकाम्या खोल्या. दोघी बहिणींनी एका दुपारी हे दोन्ही एकमेकांत बसवून टाकलं. नवऱ्यांना संध्याकाळी कळवण्यात आलं.

त्या खोल्यांत आता अळंब्या पिकायच्या. भाजीच्या नव्हेत, औषधी. लाकडाचा भुसा आणि कोंडा भिजवून पिशव्यांत भरायचा, पिशव्या वाफवायच्या, गार झाल्या की त्यात अळंबीचं बियाणं घालायचं आणि गप्प बसायचं. काही आठवड्यांनी पिशवीला चीर दिली की त्या चिरेतून पांढरी, लोंबती, झिपरी गाठोडी बाहेर यायची. त्यांना शास्त्रीय नाव होतं आणि ते सरांना पाठ होतं. घरात मात्र त्यांना दाढ्या म्हणत. मेकॅनिक सकाळी सकाळी दाढ्यांवरून कौतुकानं टॉर्च फिरवायचा, तेव्हा सगळ्या गल्लीतले म्हातारे शेडमध्ये उलटे टांगलेत असं वाटायचं.

दाढ्या वाळवून, दळून एका बाईंकडे जायच्या. बाई त्यांच्या कॅप्सूल करायच्या. ज्यांना भाजी खायचा कंटाळा आहे पण भाजीचा गुण हवा आहे, अशा लोकांचा एक मोठा समाज तयार झाला आहे, आणि त्याची सेवा बाई करत होत्या. पण नुसती अळंबी त्यांना नको होती. त्यांना अळंबीच्या अंगात मुरलेलं सेलेनियम हवं होतं. हे एक खनिज. माणसाला ते लागतं, पण अगदी जरासं. भुसा भिजवायच्या पाण्यात त्याचं मीठ विरघळवलं की अळंबी ते पिऊन घेते आणि स्वतःच्या पद्धतीनं अंगी लावते. कमी पडलं तर ती भाजी, जास्त पडलं तर ते विष. या दोहोंच्या मधल्या अरुंद पट्टीवर दोन्ही घरं उभी होती.

आणि ती पट्टी सरांच्या ताब्यात होती. भुसा भिजवायच्या दिवशी मेकॅनिक निळं पिंप घासून धुवायचा, पाण्यानं भरायचा. मग सर कपाटाचं कुलूप काढायचे, बरणीतून पांढरी भुकटी काढून छोट्या काट्यावर तोलायचे आणि पिंपात सोडून लाकडी दांड्यानं ढवळायचे. सगळ्या धंद्यात सरांचं काम ते एवढंच. बाकी वाफ, गारवा, ओल, पंखे, वाळवण, सगळं मेकॅनिक.

“चिमूटभर कामाला अख्खा माणूस,” सरांची बायको एकदा म्हणाली होती. ती हसून म्हणाली होती. सरही हसले होते. पण तेव्हापासून ढवळण्याचं काम ते जरा जास्त वेळ करायला लागले.

त्यांना एकाच गोष्टीची धास्ती होती. एके दिवशी साडू अगदी आदरानं म्हणेल, “राहू द्या सर, उद्यापासून मी बघतो.” आणि मग सकाळी उठून चपला घालायला काही कारण उरणार नाही.

दोन्ही घरं एकाच मजल्यावर, दार दारासमोर. सासूबाई धाकटीकडे, म्हणजे मेकॅनिकच्या घरी, राहायच्या, स्वयंपाक दोघी बहिणी मिळून धाकटीच्याच ओट्यावर करायच्या. त्या ओट्याचा सासूबाईंनी घालून दिलेला एक नियम होता. जी मीठ घालेल तिनं मोठ्यानं सांगायचं, “मीठ पडलं.” दुसरीनं म्हणायचं, “ऐकलं.” कारण एक भांडं आणि दोन हात असले की मीठ एक तर दोनदा पडतं, नाही तर पडतच नाही, आणि दोन्ही वेळा चूक कोणाचीच नसते. जावई या नियमाची यथेच्छ टिंगल करायचे. मेकॅनिक बाहेरच्या खोलीतून ओरडायचा, “पाणी पडलं हो!” आणि सर म्हणायचे, “ऐकलं!” कारण तेव्हा त्यांना एवढाच विनोद सुचायचा.

सासूबाई मनावर घ्यायच्या नाहीत. त्यांची तक्रार वेगळी होती. “घरात अळंब्यांच्या दोन खोल्या, आणि ताटात एक अळंबी नाही.”

“आई, त्या औषधी आहेत,” सर समजावायचे. “रोज पोटभर खाल्ल्या तर बाधतील.”

“जगाला चालतात, मला बाधतात.”

“जग चिमूटभर खातं.”

“मग मलाही चिमूटभर द्या, जावईबापू. मी कुठे पिंप मागतेय?”

पण सरांनी नियम केला होता, शेडमधलं काही स्वयंपाकघरात यायचं नाही. त्या दोन घरांत त्यांचा पाळला जाणारा हा एकमेव नियम.

असं सगळं सुरळीत चाललं असताना सरांच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला. ऑपरेशनचा दिवस मिळाला तो नेमका भुसा भिजवायचा दिवस. बियाणं आलेलं होतं, वाफेची भट्टी ठरलेली होती. दिवस हलवणं शक्य नव्हतं.

“त्यात काय,” मेकॅनिक म्हणाला. “तुम्ही तोलून बाटलीत ठेवा. मी ओततो. ओतायला काय डिग्री लागते?”

हे तो सहज म्हणाला. सरांना मात्र ते रात्रभर पुरलं. आज ओततो, उद्या तोलतो, परवा म्हणतो राहू द्या सर. शिवाय त्याचा हात सढळ. ग्रीस लावायला घेतलं तर कोपरापर्यंत लावणारा माणूस. सेलेनियमच्या बाबतीत सढळ हात म्हणजे कोणाच्या तरी पोटात विष.

पण नाही म्हणावं तर साडू दुखावणार. सरांनी शिकल्यासवरल्या माणसाला साजेसा मार्ग काढला. ऑपरेशनच्या दिवशी पहाटे ते एकटेच शेडमध्ये गेले, पिंपात पाणी भरलं, बरोबर तोललेली भुकटी सोडली, चांगली ढवळली. मग एका छोट्या बाटलीत घरून आणलेलं साधं खायचं मीठ भरलं, तिच्यावर ‘सेलेनियम, जपून’ अशी चिठ्ठी डकवली आणि बाटली पिंपाशेजारच्या फळीवर ठेवली. खरं काम झालेलं होतं; साडवाचा मान राहणार होता; भुशात चिमूटभर मीठ गेल्यानं अळंब्यांचं काही बिघडणार नव्हतं. देखल्या देवा दंडवत घडणार होता. इतका निर्मळ खोटेपणा आपण आयुष्यात केला नव्हता, असं वाटून सर समाधानानं दवाखान्याच्या गाडीत बसले.

ऑपरेशन चांगलं झालं. संध्याकाळी मेकॅनिकचा फोन आला. “पिशव्या भरल्या सर. सगळं झालं.”

“बाटली?”

“ओतली.” मग जरा थांबून, “डोळा कसा आहे?”

“दिसतंय.”

“वा,” मेकॅनिक म्हणाला, आणि त्यानं फोन ठेवून दिला. एरवी तो फोन ठेवायच्या आधी निदान एका कॉम्प्रेसरची जन्मकथा सांगायचा.

पुढचे काही आठवडे सर डोळ्यावर हिरवा पडदा लावून घरी बसले होते. त्या काळात साडू इतका चांगला वागला की सरांना अवघडल्यासारखं झालं. त्यानं न सांगता त्यांच्या फ्रीजचं रबर बदललं. त्यांचा पंखा उतरवून धुतला. औषधाचे थेंब घालायला तो दोनदा स्वतः येऊन बसला, आणि त्याचे ते ग्रीस भरणारे हात इतके हलके निघाले की सरांना मिठाची बाटली आठवून कसंसंच झालं. ‘एवढा सरळ माणूस,’ त्यांना वाटलं, ‘आणि आपण त्याला मीठ दिलं.’

पडदा निघाल्यावर ते पहिल्यांदा शेडमध्ये गेले. मेकॅनिकनं दार उघडलं, दिवा लावला आणि बाजूला उभा राहिला.

पिशव्या दुधासारख्या पांढऱ्या होत्या.

दुसऱ्या कोणाला ते सुंदर वाटलं असतं. सरांनी एक पिशवी उचलून दिव्याखाली धरली. सेलेनियम प्यालेली पिशवी कधी अशी पांढरी नसते. जे खनिज अळंबीला अंगी लावता येत नाही ते ती बाहेर लाल करून टाकते. त्यामुळे पिशवीला आतून विटेसारखी गुलाबी झाक येते. आणि वाळवायच्या खोलीत एक मंद लसणासारखा वास असतो. या खेपेला झाक नव्हती. तोडणी झाली, दाढ्या ट्रेमध्ये पसरल्या, यंत्र सुरू झालं, वासही नव्हता.

“छान आलंय पीक,” सर म्हणाले.

“फारच,” मेकॅनिक खाली बघत म्हणाला.

घरी येऊन सरांनी बायकोच्या डब्यातली व्हिटॅमिन सीची गोळी घेतली. कॉलेजात पहिल्या वर्षाला दाखवायचा हा प्रयोग. दोन वाट्यांत पाणी घेतलं. एकात बरणीतली खरी भुकटी, दुसऱ्यात पिशवीतल्या भुशाचं पिळलेलं पाणी. दोन्हींत गोळीची पूड. पहिली वाटी हळूहळू लाल झाली. दुसरी होती तशीच राहिली, निरागस.

“माझ्या वाट्या आहेत त्या,” बायको म्हणाली.

“धुऊन देतो.”

“नको. आता तुमच्याच.”

सर विचार करत बसले. त्यांची बुद्धी शिस्तीची होती आणि ती शिस्तीनं भिंतीवर जाऊन आपटत होती. पिंपात आपण खरी भुकटी घातली. साडवानं मीठ घातलं. समजा, मोतीबिंदूच्या डोळ्यानं दोन्हींची अदलाबदल झाली असेल. आपण मीठ घातलं आणि त्याला खरी भुकटी दिली. तरी पाण्यात दोन्ही पडलंच. कसंही मांडलं तरी सेलेनियम पिंपात जायलाच हवं होतं. ते गेलं नाही याचा एकच अर्थ निघत होता. आपण दोन्ही वेळा मीठच तोललं. खरी बरणी कपाटातून काढलीच नाही, आणि काढली असं आपल्याला वाटतं.

डोळा बदलून मिळतो. हे दुसरं काय झालं असेल ते बदलून मिळत नाही.

आता साडवाला विचारायची सोय नव्हती. विचारलं तर आधी मिठाचं सांगावं लागणार. मग तो म्हणणार, बरं, आणि खरी भुकटी? मग सरांना म्हणावं लागणार, मला आठवतं तसं मी घातली. ‘मला आठवतं तसं’ म्हणणाऱ्या माणसाच्या हाती विषाची बरणी कोण ठेवेल? सरांनी स्वतःच ठेवली नसती.

कॅप्सूलवाल्या बाई नमुना न्यायला यायच्या होत्या. नमुना त्यांच्या प्रयोगशाळेत जाणार, शून्य येणार, आणि सरांचाही शून्य होणार. सरांनी वेळ काढायचं ठरवलं. पण वेळ काढायला त्यांना काही करावंच लागलं नाही. आधी वाळवणयंत्राचा पट्टा तुटला. मग पंखा अडला. मग कॉइल गेली. मेकॅनिकच्या हाताखालचं यंत्र लागोपाठ तीनदा बिघडावं हे डॉक्टरच्या घरी सर्दीनं तळ ठोकावा तसं होतं. पण सर आपल्याच विवंचनेत. त्यांनी नशिबाचे आभार मानले. येताजाता त्यांना शेडमागची कुंपणावरची वेल पिवळी पडलेली दिसली, मोरीचं पाणी जिथे जातं तिथलीच, आणि तिच्याकडेही त्यांनी नुसतंच पाहिलं.

शेवटी बाईंनी फोन करून सांगितलं, आज चहाच्या वेळी येते, जेवढं वाळलंय तेवढं दाखवा.

दुपारी जेवणं झाल्यावर दोन्ही घरं आडवी झाली. सर उठले. कपाटातून बरणी काढली, काट्यावर तोललं, तीन वेळा तोललं, आणि भुकटी बाटलीत घालून बाटली खिशात टाकली. पाण्यात विरघळवून वाळत्या दाढ्यांवर शिंपडली की नमुन्यात आकडा येईल. परीक्षकाला आकडा हवा असतो. तो आकडा अळंबीच्या अंगात मुरून आलाय की वरून भुरभुरलाय, हे आकड्यावरून कळत नाही. कॉलेजात असं करणाऱ्या मुलाला सरांनी वर्गाबाहेर काढलं असतं. एका कॅप्सूलमध्ये काहीच नाही आणि दुसरीत नको तेवढं, असं होऊ शकतं, हेही त्यांना ठाऊक होतं. नमुन्यापुरतंच करू, त्यांनी स्वतःला सांगितलं. आणि नमुना पास झाल्यावर बाकीच्या मालाचं काय, हा प्रश्न जिन्यातच ठेवून ते खाली उतरले.

वाळवायच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. सरांनी ते ढकललं.

आत मेकॅनिक स्टुलावर पाठमोरा उभा होता. यंत्राचं झाकण उघडं, हातात स्क्रूड्रायव्हर.

“तुम्ही झोपला नाहीत?” मेकॅनिक दचकून म्हणाला.

“झोप येईना. तुम्ही?”

“कॉइल बघतोय.”

“ती तर काल बदललीत.”

“म्हणून तर बघतोय.”

ताकाला जाऊन भांडं लपवणारे दोघे एकाच गोठ्यात भेटावेत तसे ते उभे राहिले. खोली फार तापली होती. सरांनी नव्या डोळ्यानं यंत्राच्या काट्याकडे पाहिलं. काटा पार शेवटाला गेला होता.

“साडू, हे जळेल सगळं.”

“हो.”

“हो काय?”

“जळायलाच पाहिजे, सर.” मेकॅनिक स्टुलावरच बसला. “कॉइलनं दगा दिला, माल जळला, असं सांगणार होतो बाईंना. कॉइलचं काय, तिला कुठे तोंड दाखवायचंय.”

यंत्राला कधी दोष देऊ नये, दोष वापरणाऱ्याचा असतो, हे वाक्य या माणसानं शेडमधल्या प्रत्येकाला, सरांना धरून, ऐकवलं होतं.

“पण का?” सरांनी विचारलं.

“त्यात सेलेनियम नाही.”

सरांचा हात आपोआप खिशावर गेला. “तुम्हाला कोणी सांगितलं?”

“सांगायला कशाला हवं? मीच ओतून दिलं ना.” मेकॅनिकनं स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. “त्या दिवशी सकाळी आलो तर पिंपात पाणी. मला वाटलं, कालचं राहिलंय. साचलेलं पाणी मी ठेवत नाही, तुम्हाला माहीत आहे. मोरीत ओतलं, पिंप घासलं, नवीन भरलं, तुमची बाटली ओतली. ओतताना हाताला लागली, मग घाम पुसताना तोंडाला लागली. खारट.”

“तुम्ही चाखलीत?”

“एकदा चुकून. मग मुद्दाम.”

“वेडे आहात का? विष असतं तर?”

“विष असतं तर तुम्ही माझ्या हातात दिलं नसतं,” मेकॅनिक शांतपणे म्हणाला.

या वाक्याला दोन धारा होत्या आणि दोन्ही सरांना लागल्या. ते कोंड्याच्या पोत्यावर बसले. पण बसल्या बसल्याच छातीवरचं काहीतरी जड उठून निघून गेलं. पिवळी पडलेली वेल त्यांना आठवली. सगळं सेलेनियम त्या बिचारीनं प्यालं होतं.

“म्हणजे मी भुकटी घातली होती,” सर म्हणाले.

“घातली असणारच. म्हणून तर मीठ ठेवलंत. हे मला मीठ चाखल्यावर कळलं, आणि तोवर पिंप लखलखीत झालं होतं.”

“म्हणजे मी बरोबर तोललं होतं. बरणी काढली होती.”

“सर, तुमचं तोललेलं कधी चुकतं का?” मेकॅनिक बुचकळ्यात पडून म्हणाला. हा माणूस एवढ्यानं हसतोय का, हे त्याला कळेना. सर हसत होते, आणि ऑपरेशनच्या डोळ्यातून जरा जास्तच पाणी येत होतं.

“मग तेव्हाच फोन का नाही केला?”

“काय सांगू? तुम्ही तिकडे टेबलावर, डॉक्टर डोळ्यात सुई घेऊन, आणि मी विचारू, सर, मला मीठ का दिलंत? कपाटाची किल्ली तुमच्याकडे. भट्टी तापलेली. म्हटलं, नंतर सांगू. मग तुम्ही पडद्याआड. मग पीक आलं, तेही असं देखणं. मग जिभेला कुलूपच लागलं.”

“मलाही तसंच,” सर म्हणाले. “मला वाटलं होतं, तुम्हाला वाईट वाटेल.”

“कशाचं?”

“विश्वास ठेवला नाही याचं.”

“वाटलं की. दोन दिवस वाटलं. मग म्हटलं, आपणही पिंप धुतलंच आहे. फिटंफाट.” मेकॅनिकनं सरांच्या खिशाकडे पाहिलं. “आणि तुम्ही काय घेऊन आलात? पुन्हा मीठ?”

सरांनी बाटली काढून त्याच्या हातात दिली. “या वेळी खरं आहे. चाखू नका.”

मेकॅनिकनं बाटलीकडे पाहिलं, ट्रेकडे पाहिलं, आणि त्याला कळलं. स्टुलावरून उतरून त्यानं बाटली परत सरांच्या तळहातावर ठेवली, तळहात मिटवला, आणि मग यंत्राचा काटा मागे आणला. एक भाजणार होता, एक शिंपडणार होता. दाढ्या मधल्या मधे वाचल्या. फक्त वरच्या ट्रेमधल्या थोड्या कडेनं तपकिरी झाल्या होत्या.

“आता बाईंना काय सांगायचं?” मेकॅनिक म्हणाला.

“झालं ते.”

“सगळं?”

“मिठासकट.”

बाई चहाच्या वेळी आल्या. त्यांनी एक दाढी उचलली, उजेडात धरली, हुंगली.

“वास नाही,” त्या म्हणाल्या.

“नाही,” सर म्हणाले.

“मग यात आहे काय?”

“अळंबी.”

“आणि?”

“थोडं मीठ,” मेकॅनिक म्हणाला.

दोघांनी मिळून सगळं सांगितलं, एकमेकांची वाक्यं पुरी करत, जशी त्यांच्या बायका करतात. बाईंनी चहा संपेपर्यंत ऐकून घेतलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. फ्रीज उघडल्यावर आत जे ठेवलं होतं तेच दिसावं, असा भाव होता.

“हा माल मी घेणार नाही,” त्या म्हणाल्या. “पुढचा आणा. तोही मी तपासणार.”

“आमच्यावर विश्वास राहिला नसेल,” सर म्हणाले.

“तुमच्यावर मी कधीच विश्वास ठेवला नाही. दर खेपेला तपासते, आणि तुम्हाला सांगून तपासते. म्हणून तर आपलं इतकं नीट चाललंय.” त्यांनी पर्स उचलली. “तुमची पंचाईत अशी की तुम्ही दोघं फार सभ्य आहात.”

त्या गेल्या. दोघे शेडच्या दारात उभे राहिले. सरांना आता तेवढं एकच वाक्य ऐकायचं राहिलं होतं, आणि ते येणारच असेल तर आत्ताच यावं असं त्यांना वाटलं.

“सर, एक सांगू?” मेकॅनिक म्हणाला.

“सांगा.”

“यापुढे भुसा भिजवायच्या दिवशी ऑपरेशन करून घेऊ नका. दुसरा डोळा पिकला तर मी भट्टीवाल्याला थांबवतो, बियाणंवाल्याला थांबवतो. पण ती बरणी माझ्या गळ्यात घालू नका. मला झोप लागत नाही. मी ग्रीसवाला माणूस, सर. माझ्या हाताला चिमूट कळत नाही.”

सरांनी मान हलवली. मग खिशातली कपाटाची किल्ली एकदा चाचपून पाहिली.

संध्याकाळी दोन्ही जावई एक मोठी परात भरून दाढ्या घेऊन स्वयंपाकघरात शिरले. सासूबाईंनी आधी परातीकडे पाहिलं, मग सरांकडे.

“बाधतील ना?”

“या नाही बाधणार, आई. यांच्यात काहीच नाही.”

“काहीच नाही म्हणूनच मला,” सासूबाई म्हणाल्या, पण विळी त्यांनी आधीच ओढून घेतली होती.

दोघी बहिणींना हकीकत कळायला भाजी शिजेपर्यंतचा वेळ लागला. सरांच्या बायकोनं ती उभ्यानं ऐकली. “म्हणजे माझ्या मिठाच्या बरणीतलं मीठ,” ती नवऱ्याला म्हणाली, “तुम्ही ह्यांना औषध म्हणून दिलंत.”

“हो.”

“आणि ह्यांनी ते ओळखलं.”

“हो.”

“निदान चव तरी राहिली आहे घरात एकाला.”

ताटं वाढली. सासूबाईंनी पहिला घास घेतला, डोळे मिटून सावकाश चावला. सगळे बघत होते. इतक्या दिवसांची त्यांची आस होती ती.

“मीठ कमी आहे,” त्या म्हणाल्या.

पुढच्या खेपेला भुसा भिजवायच्या दिवशी मेकॅनिकनं पिंप घासलं, धुतलं, भरलं आणि नळ बंद करून बाजूला झाला. सरांनी कपाट उघडलं, भुकटी तोलली आणि पिंपावर वाकले. भुकटी पाण्यात उतरली, क्षणभर ढगासारखी दिसली आणि नाहीशी झाली. बोलायचं काय ते दोघांना माहीत होतं, आणि लाज दोघांनाही वाटत होती. बाहेर रस्त्यावरून एक सायकल गेली.

सरांनी घसा साफ केला.

“पडलं,” ते म्हणाले.

“ऐकलं,” मेकॅनिक म्हणाला. आणि मग, माणसाची सवय एका दिवसात जात नाही म्हणून, त्यानं पिंप धुवायचा ब्रश उचलून सरांच्या हातात दिला आणि सांगितलं, भुसा भिजेपर्यंत हा तुमच्याकडेच ठेवा.